‘तू ऑटिस्टिक आहेस का?’ असं कुणाला विचारावं का? विचारायचं तर कसं?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज प्रश्न घेऊन आलोय.

मी सोलापुरात एका सीए ऑफिसात आहे. दिवाळीनंतर आमच्याकडं एक मुलगा अकाउंट्सला लागला. चोविशीचा असेल. कामाला वाघ आहे. जीएसटीचं टू-बी (पोर्टलवरचं खरेदीचं विवरण) आणि खरेदी रजिस्टर जुळवायला दिलं की चहासुद्धा विसरतो, आणि एक रुपयाचा फरक असला तरी शोधून काढतो. पण साहेब म्हणाले, ‘हे जरा बघून घे’, तर हा विचारतो, ‘काय बघू? कधीपर्यंत बघू?’ साहेबांना वाटतं उलट बोलतोय. त्याच्या टेबलावरची ट्यूब फडफडायला लागली की काम थांबवून उठून जातो. जेवायला एकटा बसतो आणि डबा रोज तोच, भाकरी आणि शेंगाचटणी. बाकीची पोरं पाठीमागं ‘रोबोट’ म्हणतात.

माझा पुण्यातला भाचा ऑटिस्टिक (मराठीत स्वमग्न म्हणतात) आहे, रीतसर निदान झालेलं. त्यामुळं माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. विचारू का त्याला? विचारलं तर मोकळं वाटेल की अपमान वाटेल? हेतू मदतीचाच आहे.

चाटीगल्ली
रोज भाकरी आणि शेंगाचटणी हे लक्षण धरलं तर अख्ख्या जिल्ह्याला सर्टिफिकेट वाटावं लागेल की बे. (हलके घ्या.)

सुमेधा_जुळेसोलापूर
विचारू नका. हा वैद्यकीय प्रश्न आहे. ऑफिसातल्या बाईला ‘तुम्हाला थायरॉइड आहे का हो’ असं विचाराल का?

चाटीगल्ली
सुमेधाताई, आपल्याकडं विचारतात. एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते. गोळी सकाळी घेता का रात्री, तेही विचारते आणि वर बिनगोळीचा उपाय सांगते.

सुमेधा_जुळेसोलापूर
विचारतात म्हणून बरोबर होतं का?

अमोघची_आई
माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. विचारणारे मी भरपूर पाहिलेत, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

गेल्या गड्ड्याच्या जत्रेला आम्ही त्याला घेऊन गेलो होतो. संध्याकाळची गर्दी त्याला झेपत नाही म्हणून भर दुपारी गेलो, कानाला हेडफोन लावून. होम मैदानावर तेव्हा स्टॉलवाले पेंगत असतात. तिथं एक बाई आली, त्याच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत म्हणाली, ‘अगं बाई, याला काय झालंय?’ तो तिथंच उभा, सगळं ऐकतोय. त्याला काही झालेलं नव्हतं. तो पाळण्याचे डबे मोजत होता. मी म्हटलं, ‘काही नाही.’ तर म्हणे, ‘तसं नाही, पण जरा वेगळं वाटतंय.’ मग अक्कलकोटला ने, अमुक वाराला ने, हे सुरू.

दहा मिनिटांनी पाळणेवाल्याकडं गेलो. साधा माणूस, तोंडात मावा. हेडफोनकडं बघून म्हणाला, ‘ताई, आवाजाचा तरास होतो का बाळाला? गाणं बंद करू का?’ त्यानं स्पीकर बंद केला, पाळणा हळू फिरवला आणि थांबवायच्या आधी ‘आता थांबणार हां’ असं अमोघला सांगितलं. अमोघलाच, मला नाही!

त्या बाईलाही वाईट म्हणत नाही मी. पण तिला माझ्याकडून माहिती हवी होती आणि पाळणेवाल्याला आपण काय करायचं ते हवं होतं. होटगीरोडकर, तुम्हाला यातलं काय हवंय ते आधी स्वतःलाच विचारा.

पार्कचौक_७७
+१. पाळणेवाल्याला सलाम.

निवांत_प्राणी
मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान बंगळुरूला झालं, तिशी उलटल्यावर. मूळचा सोलापूरचा, नोकरीला पुण्यात.

वरच्या सगळ्यांना थोडा विरोध करतो. मला कुणी सरळ विचारलं तर चालतं, आवडतंसुद्धा. मला वात आणतं ते आडून आडून विचारणं. ‘तू लहानपणापासून असाच का रे?’ ‘तुला माणसं आवडत नाहीत का?’ व्हॉट्सॲपवर ऑटिझमच्या रील्स पाठवून पुढं गप्प बसणं. समोरच्याला नेमकं काय विचारायचंय याचा अंदाज बांधण्यातच तर आमची अडचण आहे, आणि तुम्ही तोच अंदाज बांधायला लावता.

पण सरळ म्हणजे चारचौघांत नव्हे. आधीच्या ऑफिसात चहाच्या टपरीवर एकानं हसत हसत विचारलं, ‘तू थोडा ऑटिस्टिक आहेस का रे?’ सहा-सात जण उभे. मी विचारलं, ‘थोडा म्हणजे किती?’ सगळे खोखो हसले. मला खरंच उत्तर हवं होतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर एकट्यात विचारा, का विचारताय ते आधी सांगा, आणि ‘सांगायचं नसेल तर नको सांगूस’ हे मनापासून म्हणा. उत्तर मिळालं की ‘तुझ्याकडं बघून वाटत नाही’ म्हणू नका. त्याचं काय करायचं असतं ते मला आजवर कळलेलं नाही. धन्यवाद म्हणायचं का?

अबोली_पूर्वभाग
निवांत, तुमचं पटलं, पण एक बाजू राहिली. तुम्हाला निदान आधीच माहीत होतं. ज्याला स्वतःबद्दल माहीतच नाही त्याचं काय?

मला कॉलेजात एका मैत्रिणीनं विचारलं होतं. एकट्यात, प्रेमानं, अगदी तुम्ही म्हणता तसं. मी तोवर तो शब्द फक्त लहान मुलांच्या संदर्भात ऐकला होता. ती विचारून घरी गेली आणि जेवून झोपली असेल. मी रात्रभर मोबाईलवर. एक्यू नावाची चाचणी असते, केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटानं 2001 मध्ये काढलेली, 50 प्रश्नांची. ती भरली. गुण बरेच आले. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की हे निदान नव्हे. मग काय आहे? कुणाला विचारू? अम्माला सांगितलं तर ती म्हणाली, लग्न ठरेपर्यंत हे तोंडातून काढायचं नाही.

आमच्या घरात माग आहेत. सगळ्यांना वाटतं, ऑटिस्टिक म्हणजे आवाज नको. मला मागाची खटखट आवडायची, अजून आवडते, कारण ती एकसारखी असते. धोटा अडकून माग अचानक बंद पडला की मी कान धरून रडायचे. घरचे म्हणायचे, आवाज थांबल्यावर कोण रडतं? त्या रात्री लहानपणच्या असल्या पन्नास गोष्टी एकदम जागेवर बसल्या. त्यात सुटकाही होती, खोटं बोलणार नाही. पण पुढचे कितीतरी महिने मी कुठल्याच बाजूची नव्हते.

विचारायचंच असेल तर नंतरचे महिने सोबत राहायची तयारी ठेवून विचारा.

होटगीरोडकर
अबोली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी धरूनच चाललो होतो की त्याला माहीत असणार.

जुना_भोंगा
आमच्या वेळी गिरणीत असली नावं नव्हती. खात्यात एक जण होता. कुणाशी बोलायचा नाही, कापसाच्या गाठींमागं ठरलेल्या जागी बसून भाकरी खायचा. जागा कुणी घेतली तर दिवसभर उपाशी. पण मशिनच्या नुसत्या आवाजावरून बेअरिंग जाणार हे सांगायचा. जॉबरनं (मुकादमानं) ती जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती. विषय संपला. कुणी त्याला काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही, वीस वर्षं सुखानं गेली. आता उठसूट लेबलं.

सुमेधा_जुळेसोलापूर
काका, जॉबर भला माणूस. पण बाकीचे त्या माणसाला काय म्हणायचे?

जुना_भोंगा
येडा म्हणायचे. प्रेमानं हां.

सुमेधा_जुळेसोलापूर
म्हणजे लेबल होतंच की, काका. फक्त त्याला न विचारता लावलेलं.

जुना_भोंगा
हे मात्र बरोबर बोललीस पोरी.

डॉ_खिडकी
मी मनोविकारतज्ज्ञ आहे. लग्नकार्यात माझी पंचाईत होते. अक्षता पडायच्या आत कुणीतरी कानाशी लागतं, ‘डॉक्टर, तो तिकडचा जावई बघा, काही आहे का?’ मी तेव्हा जेवायला आलेला असतो.

धागाकर्त्यांनी दिलेलं वर्णन ऑटिझमशी जुळू शकतं. ते लोकांत वावरायच्या भीतीशी, एडीएचडीशी (लक्ष न टिकण्याचा, चंचलतेचा विकार) किंवा नुसत्या मितभाषी स्वभावाशीही जुळू शकतं. फडफडत्या ट्यूबनं अर्धशिशी असलेल्यालाही त्रास होतो. निदान करताना आम्ही आजच्या वागण्यावर थांबत नाही. बोलणं कधी आलं, बोट दाखवून मागायचा का, खेळायचा कसा, असा लहानपणापासूनचा इतिहास घेतो, शक्यतो आईवडिलांकडून. आपल्याकडं प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे आहेत आणि 70 च्या खाली गुण आले तर ऑटिझम धरत नाहीत. भाच्याशी तुलना करून हे ठरत नसतं.

आणखी एक. 2013 पर्यंत ॲस्पर्जर हे वेगळं निदान होतं. त्या वर्षी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-5 नं ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच घेतलं. त्यामुळं कुणी ‘मला ॲस्पर्जर आहे’ म्हणालं तर त्याला दुरुस्त करत बसू नका. त्याच्या फाइलवर तेव्हा तेच लिहिलेलं असेल.

मंगळवारपेठी
आजकाल हे फार वाढलंय. लसींमुळं होतं म्हणे ना?

डॉ_खिडकी
नाही. तसं सुचवणारा निबंध 1998 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, 12 मुलांवरचा. 2010 मध्ये लॅन्सेटनं तो मागं घेतला आणि त्याच वर्षी तो लिहिणाऱ्या वेकफिल्डचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं. लिओ कॅनरनं ऑटिझमचं वर्णन केलं ते 1943 मध्ये. ज्या एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीवर खापर फोडलं जातं ती 1971 ची. मुलांना लस द्या. या विषयावर माझ्याकडून एवढंच.

चाटीगल्ली
अवांतर: इलॉन मस्कनं 2021 मध्ये टीव्हीवर स्वतःच सांगितलं की त्याला ॲस्पर्जर आहे. लोक न्यूटन-आइन्स्टाइनलाही त्या यादीत घालतात.

निवांत_प्राणी
मस्कनं स्वतः सांगितलं, ठीक. न्यूटनला कुणी विचारलं? मेलेल्या माणसाला तर ‘सांगायचं नसेल तर नको’ असंही म्हणता येत नाही. आणि ती यादी मला दाखवून लोक विचारतात, ‘मग तुझं टॅलेंट काय?’ माझं टॅलेंट म्हणजे मला पुणे-सोलापूर गाड्यांचं वेळापत्रक पाठ आहे. हुतात्मा लेट झाली की त्याचाही काही उपयोग नसतो.

बालवाडीच्या_बाई
शिक्षकांचं काय? आमच्यासमोर हा प्रश्न दर जूनला येतो. तीन-साडेतीन वर्षांचं मूल, नावानं हाक मारली तर वळत नाही, दुसऱ्या मुलांकडं ढुंकून बघत नाही, गाडी चालवत नाही पण तिचं चाक तासभर फिरवत बसतं. पालकांना ‘याला ऑटिझम आहे का’ असं विचारायचा अधिकार मला नाही. गप्प बसणंही पटत नाही. मी दिसलं ते तारीखवार लिहून ठेवते आणि पालकांना वाचून दाखवते. नाव घेत नाही. ‘एकदा बालरोगतज्ज्ञांना हे एवढं वाचून दाखवा’ म्हणते.

अमोघची_आई
बाई, तुमचे विद्यार्थी नशीबवान. आमच्या शाळेत सगळं कळत होतं आणि वर्षभर ‘बोलेल हळूहळू, मुलगे उशिरा बोलतात’ हेच ऐकवलं. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून! ते वर्ष स्पीच थेरपीत गेलं असतं. मोठ्या माणसाला विचारू नका म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे, पण लहान मुलाच्या बाबतीत हे सौजन्य महागात पडतं. तिथं बोलाच. फक्त मुलासमोर आणि फाटकापाशी नको.

कासेगावकर
विषय निघालाच आहे तर विचारतो. मुलीसाठी स्थळ बघतोय. मुलगा इंजिनिअर, घर चांगलं. पण बघण्याच्या कार्यक्रमात नजर वर केली नाही, पोह्यातले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवले आणि ‘छंद काय’ विचारल्यावर जुन्या रेडिओवर अर्धा तास बोलला. मुलीला तो आवडलाय. मध्यस्थामार्फत विचारून घ्यावं का?

चाटीगल्ली
बघण्याच्या कार्यक्रमात नजर वर कोण करतं काका? मी तर फरशीच्या डिझाइनवर प्रबंध लिहिला असता. शेंगदाणे बाजूला काढले हे मात्र सोलापुरात गंभीर आहे.

सुमेधा_जुळेसोलापूर
मध्यस्थामार्फत अजिबात नको! मध्यस्थाला सांगितलं म्हणजे सात रस्त्यावर बोर्ड लावला. उद्या तसं काही नसलं तरी त्या मुलाची पुढची चार स्थळं मोडतील.

निवांत_प्राणी
काका, त्या दोघांना बोलू द्या. तुमच्या मुलीला निदानापेक्षा रोजचं आयुष्य कळायला हवं. घरात पाहुणे आले की तो काय करतो, एकत्र कुटुंबात राहणं झेपतं का, आवाज-गर्दीचं कसं, ठरलेला बेत बदलला तर काय होतं. हे प्रश्न कुठल्याही नवऱ्यामुलाला विचारता येतात आणि सगळ्यांनाच विचारायला हवेत. तिनं स्वतःचीही उत्तरं द्यावीत.

मी माझ्या बायकोला लग्नाआधी स्वतःच सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘म्हणजे मी नेमकं काय करायचं?’ मी यादी दिली. मग तिनं तिची यादी दिली. तिची मोठी होती.

कासेगावकर
मुलीला धागा वाचायला दिला. म्हणाली, ‘बाबा, रेडिओचं मीच विचारलं होतं, मला ऐकायचं होतं.’ तूर्त मी गप्प.

एचआर_अक्कलकोटरोड
उशिरा आले. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआर बघते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यात आहे. 1995 च्या कायद्यात नव्हता. सरकारी नोकरीत 4 टक्के राखीव जागा आहेत. त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांच्यात मिळून आहे. तिथं अर्ज करताना माणूस स्वतःच सांगतो, प्रमाणपत्र जोडतो. बाकी मुलाखतीत किंवा कामावर आपण होऊन विचारायचं नाही, हा माझा नियम.

होटगीरोडकर, एक विचारते. तो ‘हो’ म्हणाला तर तुम्ही काय करणार होतात? ट्यूब बदलणार, काम लेखी देणार, पोरांना ‘रोबोट’ म्हणू देणार नाही. मग यातलं काय ‘हो’ ऐकल्याशिवाय करता येत नाही? ट्यूब बदलायला सर्टिफिकेट लागतं का?

होटगीरोडकर
निरुत्तर. पण पोरांना काय सांगू? ‘तो ऑटिस्टिक असेल’ म्हटलं तर कदाचित समजून घेतील.

एचआर_अक्कलकोटरोड
ते अजिबात नको. सांगायचं तर त्यानं, त्याला वाटेल त्याला, वाटेल तेव्हा. पोरांना एवढंच सांगा की ऑफिसात कुणाला नावं ठेवायची नाहीत. कारण द्यायची गरज नाही. आणि समजा उद्या त्यानं तुम्हाला विश्वासानं सांगितलंच, तर पहिला प्रश्न ‘हे आणखी कुणाला माहीत आहे?’ हा विचारा. नाहीतर चहाला तुम्ही साहेबांना सांगाल आणि पगारवाढीच्या वेळी ते निघेल.

अबोली_पूर्वभाग
हे शंभर वेळा. मी त्या मैत्रिणीला पुढं हो म्हटलं होतं. आठवड्याभरात वर्गातली पोरं माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलायला लागली, मी बहिरी असल्यासारखी.

मंगळवारपेठी
हे तर आमच्याकडं दिल्लीच्या पाहुण्यांशी मराठी बोलताना करतात.

होटगीरोडकर
अपडेट देतो. ट्यूब बदलली. साहेब कुरकुरले, पण बदलली. त्या मुलाला म्हटलं, ‘काम लिहून दिलं तर तुला सोयीचं पडेल का?’ तो लगेच म्हणाला, ‘हो. तारीख घालून. आणि तुमच्या डोक्यावरचा पंखा कुईकुई करतो, त्याला तेल घाला.’ मला तो आवाज इतकी वर्षं ऐकूच आला नव्हता. आता दिवसभर ऐकू येतोय, छळ झालाय. तेलवाला उद्या येणार.

‘रोबोट’वरून एकाला झापलं. तो म्हणाला, गंमत करत होतो. म्हटलं, माझी कर.

परवा गंमत झाली. मी बहिणीशी फोनवर बोलत होतो. ठेवल्यावर हा खुर्ची फिरवून म्हणाला, ‘तुमचा भाचा ऑटिस्टिक आहे का? कितवीत आहे? बोर्डाला जादा वेळ मिळतो, माहीत आहे ना तुमच्या बहिणीला?’ मी त्याला विचारायचं म्हणून इथं एवढा काथ्याकूट, आणि त्यानं भर ऑफिसात मलाच विचारलं. मी सांगितलं, आठवीत आहे. तो ‘बरं’ म्हणाला आणि परत टू-बीत घुसला. स्वतःबद्दल काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

निवांत_प्राणी
इथं विचारायला हवं होतं! विषय त्यानं काढला, जादा वेळेचं त्याला माहीत आहे. एवढं दार उघडल्यावर एखादा सरळ प्रश्न चालला असता.

अबोली_पूर्वभाग
नाही हं. जादा वेळेचं मलाही माहीत आहे, माझ्या शेजारच्या मुलामुळं. होटगीरोडकर थांबले ते बरं केलं. त्याला बोलायचं असेल तर कुणाशी बोलता येईल ते आता त्याला कळलंय.

निवांत_प्राणी
आणि त्याला ते कळलंय हे तुम्हाला कसं कळलं? मला नसतं कळलं.

डॉ_खिडकी
दोघंही ऑटिझमबद्दल बोलताय आणि दोघांचं उत्तर उलट आहे. माझ्या ओपीडीत रोज हेच होतं.

सिव्हिलच्या_रांगेत
नवीन सदस्य. धागा अथपासून वाचला. माझा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे, निदान खाजगीत झालंय, पण यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलेलं नाही. लोक विचारतील या भीतीनं वडील नको म्हणत होते, आता तयार झालेत. सोलापुरात प्रक्रिया कशी असते?

अमोघची_आई
आधी स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. मग तपासणीला बोलावतात. जुने सगळे रिपोर्ट झेरॉक्ससह न्या, शाळेची प्रगतिपुस्तकंसुद्धा, कारण लहानपणचं विचारतात. कॉरिडॉरमध्ये गर्दी असते, भावाला आवाजाचा त्रास असेल तर त्याला बाहेर गाडीत बसवा आणि नंबर आला की फोन करा. आत गेल्यावर डॉक्टर वडिलांकडं बघून बोलायला लागले तर ‘त्यालाच विचारा’ म्हणा, ऐकतात. कार्ड झालं की निरामय विम्याचाही फॉर्म भरा, वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीचासुद्धा.

सिव्हिलच्या_रांगेत
खूप आभार ताई. भाऊ विचारतोय की आत किती जण असतील आणि काय काय विचारतील.

अमोघची_आई
व्यनि (खाजगी निरोप) केलाय, अमोघच्या वेळचे प्रश्न लिहून पाठवलेत. अनुक्रमांक घालून.